आत्याचा पाट

अन्याय झाला तो आमच्या गणिताच्या बाईंवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे उद्या कुणी 'ऐकीव गोष्ट' म्हणून हात झटकायला नको. मध्यभारत मध्यप्रदेशात विरघळला त्यानंतरच्या पहिल्याच मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेअकरा वाजता, उज्जैनात, फ्रीगंजमधल्या एका सरकारी खोलीत, हिरव्या पडद्यामागे. पडद्याच्या अलीकडे बाकावर मी बसले होते. शब्दन् शब्द ऐकलेला आहे.

गुन्हा काय? तर त्यांना विचारलं, "घबराहट होती है?" आणि बाई म्हणाल्या, "होती है."

एवढ्यावरून उमेदीची सगळी वर्षं मुलींच्या शाळेत घातलेल्या बाईला 'अध्यापनास अयोग्य' ठरवून घरी बसवलं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनीच बजावलं आहे: "नाव छापलंस तर मला नवी धास्ती बसेल, आणि जुनी मला पुरेशी आहे." मी त्यांची विद्यार्थिनी. आता संघटनेची पत्रकं लिहिते, छापखान्यातून ओली उचलते आणि देवास गेटच्या मोटार स्टँडवर वाटते. मला गोड लिहिता येत नाही. पण या बाईंबद्दल नुसतं पत्रक लिहून भागत नाही. माणूस कोण होतं ते आधी कळायला हवं, मग काय गमावलं ते कळेल.

बाई सकाळी घराला कुलूप लावत. कुलूप ओढून बघत. दोन पावलं जाऊन परत येत, पुन्हा ओढत. मग गल्लीच्या तोंडाशी जिलबी तळणाऱ्या हलवायाकडे बघून विचारत, "भैया, लगा ना?" तो कढईतून मान वर न करता ओरडे, "लग गया बाई!" त्यावर समोरच्या खिडकीतून जोशीकाकू, "लागलं हो बाई, लागलं, मी पाहिलं!" मग बाई निघत. आम्ही मुली याची नक्कल करायचो. एकदा बाईंनी ती पाठीमागून पाहिली आणि म्हणाल्या, "दोन पावलं नव्हे गं, तीन. नक्कल करायची तर नीट करा."

टांग्यात त्या नेहमी मागे, मागं तोंड करून बसत. पुढची जागा रिकामी असली तरी. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "पुढं काय येणार ते माझ्या डोक्यात आधीच येऊन बसलेलं असतं, टांगा उलटलेला, घोडा उधळलेला, सगळं. निदान मागं गेलेलं तरी खरं दिसू दे."

पण लोकांनी शहरभर केलेली गोष्ट पाटाची.

आमच्या वर्गाच्या दाराशी एक पाट असे. साधा, लाकडी, जेवायला बसतो तसला. बाईंनी घरून आणलेला. गणित चालू असताना मधेच बाईंचा आवाज कोरडा पडायचा, मानेची शीर उडताना दिसायची. मग त्या पायानं तो पाट भिंतीपासून थोडा पुढं ओढत, टेबलाची कड घट्ट धरत आणि म्हणत, "आत्या आल्या. हं, पुढचं गणित. वाचा कुणीतरी." पाट रिकामाच. आम्ही त्या रिकाम्या पाटाकडे बघत हौदाची गणितं सोडवायचो. थोड्या वेळानं शीर शांत व्हायची, बाई पाट पायानं परत भिंतीला लावत. त्या पूर्ण वेळात शिकवणं मात्र एकदाही थांबलेलं मला आठवत नाही. अक्षर वाकडं व्हायचं, एवढंच.

नव्या मुलीला हे ठाऊक नसे. एक नवी मुलगी, वडिलांची रेल्वेत बदली होऊन आलेली, पहिल्याच दिवशी जागा नाही म्हणून सरळ पाटावर बसली. आम्ही खिदळलो, "अगं, आत्याच्या मांडीवर बसलीस!" ती रडवेली. बाई म्हणाल्या, "बसू दे. तिचीही कुणी आत्या असेलच की."

तेव्हापासून रिवाजच पडला. जिला आतून घाबरं वाटेल तिनं न विचारता उठून पाटावर जाऊन बसायचं. तिला कुणी काही विचारायचं नाही. गृहपाठाची माफी मात्र नाही. परीक्षेच्या दिवसांत त्या पाटाला रांग लागायची.

मी एकदा विचारलं, "आत्याच का बाई? मावशी का नाही?"

"मावशी लाड करते," बाई म्हणाल्या. "आत्या न कळवता येते, आल्याबरोबर घरातली कोळिष्टकं काढते आणि जायचं नाव घेत नाही. पण हाकलता येते का? बापाच्या घरावर तिचा हक्क असतो. हाकलायला गेलीस तर दारात उभी राहून सगळ्या आळीला ऐकवेल. त्यापेक्षा पाट द्यावा, पाणी द्यावं, नमस्कार करावा आणि आपली भाकरी थापत राहावं. बोलून बोलून दमते आणि जाते."

"आणि परत येते."

"येणारच. आत्या आहे ती."

मला त्या वयात सगळ्याची व्याख्या लागायची. (अजून लागते. पत्रकं लिहिणाऱ्यांचा हा रोग आहे.) मी मागं लागले: भीती आणि काळजी यांत फरक काय? बाई खडू झटकत म्हणाल्या, "साप दिसला की भीती. ती बरी असते, सापाबरोबर जाते. काळजी म्हणजे त्रैराशिक. त्रैराशिकात तीन राशी दिलेल्या असतात, चौथी काढायची. काळजीत एकच दिलेली असते आणि उरलेल्या मन स्वतःच्या पदरची घालतं. भावाला यायला उशीर झाला, ही एक राशी. बाकी सगळी मांडणी आपली. पण उत्तर येतं हं! चुकीचं येतं, तरी रीत सगळी बरोबर असते. म्हणून इतकं खरं वाटतं."

आणि अंगात कसं वाटतं? हे त्यांनी मला शाळेत नाही, क्षिप्रेवर सांगितलं. घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर आम्ही उभ्या होतो. "पाण्याखाली पायरी असेल म्हणून तू पाय सोडतेस आणि पायरी नसते. तो जो झटका बसतो ना पोटात, तो. तुझा पाय पुढच्या क्षणी कुठंतरी टेकतो. माझा टेकत नाही. तसाच अधांतरी ठेवून मला बाजारहाट करायचा असतो, उत्तरपत्रिका तपासायच्या असतात, तुझ्यासारखीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची असतात."

त्या साध्वी नव्हत्या. कित्येकदा असह्य होत. आमच्या वर्गाची कालियादेहला सहल ठरली होती, पुऱ्या तळून झाल्या होत्या, टांगे दारात उभे होते आणि एका घोड्याच्या डोळ्यात बाईंना काहीतरी दिसलं. सहल रद्द. घोडा गरीब, म्हातारा, उभ्या उभ्या झोपलेला. टांगेवाला शपथा घेत होता, "बाईसाब, ये तो मेरे बच्चों से भी सीधा है!" बाई म्हणाल्या, "हाँ, पर मुझे नहीं दिख रहा सीधा." पुऱ्या आम्ही वर्गात बसून खाल्ल्या. त्या सहलीबद्दल मी बाईंना अजून माफ केलेलं नाही.

पण मी त्यांना दुसऱ्या एका दिवशीही पाहिलं आहे.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला हिवाळा. स्टेशनावर रोज निर्वासितांचे लोंढे उतरत होते, शहरात अफवा पिकत होत्या. दुपारच्या सुट्टीनंतर आमचा शिपाई धापा टाकत आत आला, "देवास गेट पे गोली चल गई!" झालं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, ऑगस्टात झेंडा चढवताना 'भारताच्या कन्या सिंहिणी आहेत' असं भाषण केलं होतं. त्यांनी ऑफिसात जाऊन आतून कडी लावली. शिवणाच्या बाई कापडाच्या कपाटाशी बसून रडू लागल्या. मुली जिन्यावरून एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. फाटकाबाहेर बाप, काका, भाऊ जमले होते आणि फाटक हलवत होते.

गणिताच्या बाई पाट घेऊन फाटकाशी गेल्या. खरंच पाट घेऊन. तो फाटकाशेजारी ठेवला आणि ओरडल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. "मुलींनो! आज सगळ्यांच्या आत्या एकदम आल्यात. तुम्हांला सवय नाही. मला रोजची आहे. म्हणून आज मी सांगेन तसं."

आणि गंमत बघा, मुली थांबल्या. कारण बाईंचे हात सगळ्यांना दिसत होते. कोपरापासून थरथरत होते. त्यांनी 'घाबरू नका' म्हटलंच नाही. तेच 'घाबरू नका' मोठ्या बाई म्हणाल्या असत्या तर कुणी ऐकलं नसतं.

फाटकाची कडी त्यांनी स्वतः धरली. एकेका मुलीला पुढं बोलवायचं, बाहेरच्या माणसाकडे बोट दाखवून विचारायचं, कोण हा? मुलीनं सांगितलं की कडी काढायची, एकीला सोडायचं, कडी लावायची. एक गृहस्थ भडकले, "अहो, मी तिचा सख्खा काका आहे!"

"तुम्ही सांगू नका. तिला सांगू दे."

"तुमचे हात बघा कसे कापतायत! दुसऱ्या कुणाला तरी द्या ते काम!"

"कापू देत," बाई म्हणाल्या. "कडी निघतेय ना?"

सगळ्या मुली घरी पोचल्या. एकही जिन्यावर चेंगरली नाही, एकही चुकीच्या माणसाबरोबर गेली नाही. संध्याकाळी कळलं, देवास गेटला गोळी नव्हतीच. मोटारीचं टायर फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी हलवाई कढईवरून हसत होता, "टायर था बाई, टायर! और आपने इतना बड़ा तमाशा..."

"अच्छा हुआ टायर था," बाई म्हणाल्या. "मुझे गलत निकलना अच्छा लगता है भैया. जिंदगीभर गलत ही निकली हूँ, महाकाल की दया से."

पुढं मी चळवळीत पडले. छत्री चौकात माझं पहिलं भाषण होतं आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. गर्दीच्या कडेला एक टांगा थांबलेला दिसला, त्यात मागं तोंड करून बसलेल्या बाई. त्यांना मी दिसत होते, कारण टांगेवाल्यानं टांगा उलटा लावला होता. भाषण झाल्यावर मी धावत गेले. म्हणाल्या, "भाषण वाईट होतं. अर्धं तर आधीच्या वक्त्याचं होतं. पण आत्याला बरोबर घेऊन वर चढलीस, हे बरं केलंस. मी तर समजले होते, तू तिला खालीच सोडून जायला बघशील. आपल्याच्यानं तेवढं होत नाही."

आता त्या गुरुवारकडे येते.

मागचं वर्ष कसं गेलं ते उज्जैनच्या माणसाला सांगायला नको. राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेर दरबारच्या काळापासून इथं लेखणी चालवणारी मराठी घरं अचानक विचारू लागली, आपण कुणाचे? कुणाची बदली कुठं, कुणाची ज्येष्ठता कुणाखाली, मराठी शिकवणारा राहील का जाईल, काही ठरेना. जोशीकाकूंच्या मुलीचं लग्न अडून राहिलं, कारण नवरा मुलगा इथं राहणार की रायपूरला, हे नवऱ्या मुलालाही ठाऊक नव्हतं. मंडईत, देवळात, न्हाव्याकडे, सगळीकडे एकच: "तुमचं काही कळलं?" सगळं शहर त्या घाटाच्या नसलेल्या पायरीवर पाय सोडून उभं होतं.

आणि याच वर्षी फर्मान आलं की नव्या राज्याच्या सेवेत सामावून घेण्याआधी शिक्षकांची आणि कारकुनांची वैद्यकीय तपासणी होईल.

प्रश्न काय विचारतात ते आम्हांला आधी तपासणी झालेल्या शाळांकडून कळलं होतं. मी आदल्या दिवशी बाईंकडे गेले. "बाई, एक शब्द बोलायचा. 'नाही.' बाकी काही नाही. शपथ घ्या."

त्या तांदूळ निवडत होत्या. "कशाला नाही?"

"घबराहट होते का, असं विचारतील. सगळ्या 'नाही'च म्हणणार आहेत."

"शिवणाच्या बाईसुद्धा? पाल चुकचुकली तरी ज्यांना पाणी लागतं त्या?"

"त्यासुद्धा. त्यांना नोकरी हवी आहे. तुम्हांला नको?"

"हवी आहे गं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात ताटात थांबला. "फार हवी आहे. रविवारी घरात काय होतं माझं, ते तुला ठाऊक नाही. शाळा आहे म्हणून मी उभी आहे." मग पुन्हा निवडू लागल्या. "पण इतकी वर्षं मुलींना सांगत आले, आत्या आली तर नाकारू नका, पाट द्या. आता मोठी माणसं बघायला आली म्हणून मी तिला फडताळात कोंडू? ती धक्के मारील आतून. मला तर मारीलच, त्या मुलींनाही ऐकू जाईल."

मी चिडले. बाईंना हट्टी म्हटलं, आणखीही काही म्हटलं. त्या म्हणाल्या, "जाताना दार ओढून घे. आणि लागलं का, ते सांग."

गुरुवारी माझ्या डोळ्यांदेखत शिवणाच्या बाई पडद्याआड गेल्या आणि खणखणीत म्हणाल्या, "कभी नहीं जी!" मग ड्रॉइंगच्या, मग आणखी दोघी. कभी नहीं, कभी नहीं. मग बाई. पदर खोचला, एकदा माझ्याकडे बघितलं, गेल्या. डॉक्टर तरुण होता, आवाज सभ्य होता. त्याला मी राक्षस करत नाही.

"घबराहट होती है?"

"होती है. रोज."

"रोज?"

"इतवार को ज्यादा. उस दिन काम नहीं होता ना."

दुसरा कुणी अधिकारी हसला. डॉक्टरनं विचारलं, "तब आप क्या करती हैं?"

"पाटा देती हूँ."

"किसको?"

"आत्या को. बुआ को."

"बुआजी साथ रहती हैं?"

"नहीं, नहीं. बुआ कोई है नहीं. हम ऐसा कहते हैं. वो यहाँ रहती है." पडद्याला बाईंच्या हाताची सावली हलली. छातीवर हात ठेवला असावा.

टाक कागदावर कुरकुरला. मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाला, "बहनजी, बाकी सब ने तो कहा, नहीं होती."

"तो डॉक्टर साहब, फिकर आप उनकी कीजिए," बाई म्हणाल्या. "जिसको इम्तहान के महीने में भी घबराहट न हो, उसके हाथ में लड़कियाँ मत देना. घबराना अलग है, रुकना अलग. मैं रुकी कभी? शाळेत विचारा." शेवटी आवाज फाटला आणि मराठी बाहेर आली.

शाळेत कुणी विचारलं नाही. निकाल आला: नसलेली नातेवाईक दिसते, तिच्यासाठी आसन मांडते, अयोग्य. आमच्या घराघरांतली आत्या त्या खोलीत भूत ठरली! मोठ्या बाईंना साक्ष देता आली असती. ऑफिसची कडी आतून लावून घ्यायची त्यांची सवय जुनी आहे.

आठवड्यानं शाळेचा शिपाई पाट डोक्यावर घेऊन गल्लीत आला. "बाईसाब, आपकी बुआजी का पाटा. फिंकवा रहे थे, मैं ले आया." हलवायानं त्या दिवशी कढई उतरवून ठेवली.

मी पुष्कळ शूर माणसं पाहिली आहेत. सभेत छाती पुढं काढणारी, तुरुंगाच्या गोष्टी सांगणारी. त्यातल्या बऱ्याच जणांना भीती वाटतच नाही, तेव्हा त्यांच्या शौर्याला फारसं काही लागत नाही. बाईंना कुलूप लावायलाही शौर्य लागतं. आणि त्या रोज कुलूप लावतात. अजूनही. सकाळी हलवाई ओरडतो, "लग गया बाई!" आणि बाई शाळेच्या रस्त्याला न वळता फ्रीगंजला जातात, त्या हिरव्या पडद्याच्या खोलीसमोर बसतात आणि फेरतपासणी मागतात. तिथला शिपाई उद्या या म्हणतो. उद्या जातात.

येत्या सोमवारी त्याच खोलीत उरलेल्यांची तपासणी आहे. शिक्षक आहेत, कचेऱ्यांतले कारकून आहेत, हे वाचणाऱ्यांतले पुष्कळ आहेत. तुम्ही सह्या द्याल, सहानुभूती द्याल, हे मला माहीत आहे. ती नको. रात्री आढ्याकडे बघत पडता ना? भोपाळहून टपाल आलं की पोटात खड्डा पडतो ना? मग दिवसा पडद्याआड 'कभी नहीं जी' कशाला? एकटीनं हो म्हटलं म्हणून तिला काढता आलं. सगळे हो म्हणाले, तर न घाबरणारी माणसं हे राज्य आणणार कुठून? मी खात्री देत नाही. हे लिहिताना माझीही आत्या आलेली आहे.

सोमवारी बाई पाट घेऊन येणार आहेत. खोलीबाहेर बाकाशेजारी तो मांडलेला असेल. तुमचा नंबर येईपर्यंत त्यावर बसा, कुणी काही विचारणार नाही. मग आत जा, आणि 'घबराहट होती है?' म्हणून विचारलं की हो म्हणा. मोठ्यानं म्हणा. पडद्याबाहेर बाईंना ऐकू आलं पाहिजे.